नाव कोठे तुटली?

शाळेची सहल विज्ञानकेंद्रात गेली की तारांगण, आरशांचे दालन आणि एखादा 'मोठा शो' एवढे पाहून परत यायचे, असा आता रिवाजच पडला आहे. अनेक पडद्यांवर एकाच वेळी चालणारा, संगणकाने नियंत्रित केलेला चित्रपट हा या 'मोठ्या शो'चा हल्लीचा अवतार. अशाच एका कार्यक्रमाचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव आम्ही देत नाही, कारण जे येथे लिहायचे आहे ते एका केंद्रापुरते नाही. अनेक वाचकांना त्यात आपल्या जिल्ह्यातले केंद्र दिसेल.

कार्यक्रमाचा विषय आहे कोकणातील एका नदीचा उगमापासून खाडीपर्यंतचा प्रवास. प्रत्येकी तीन मीटर रुंदीचे पाच पडदे शेजारी शेजारी लावले आहेत. म्हणजे पंधरा मीटर लांबीचे एकच दृश्य आपल्यासमोर असते. चित्रपट अठरा मिनिटांचा. त्यानंतर प्रेक्षकांची ये-जा होईपर्यंत दोन मिनिटे संथ पाण्याचे दृश्य. असे वीस मिनिटांचे आवर्तन सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत अखंड चालू असते.

आधी गुणांविषयी. पाच पडद्यांचा येथे नुसता दिखाऊ वापर केलेला नाही. एकच काठ पहिल्या पडद्यावर मे महिन्यात आणि पाचव्यावर जुलैमध्ये दाखवला आहे, तेव्हा पुराची पातळी म्हणजे काय ते एकाही आकड्याशिवाय कळते. निवेदनाचे मराठी साधे आहे आणि संगीत निवेदनावर कुरघोडी करत नाही. एक उणीव मात्र डोळ्यांत भरते. खाडीच्या भागातही पाणी सतत डावीकडून उजवीकडेच वाहताना दाखवले आहे. भरतीच्या वेळी खाडीत पाणी उलट आत शिरते हे किनाऱ्यावरच्या मुलांना माहीत असते. ते दाखवायला पाच पडद्यांसारखी दुसरी सोय नव्हती. ती संधी वाया गेली.

आम्ही हा कार्यक्रम प्रथम पाहिला तो एका शनिवारी, दुपारी चारच्या खेळाला. सभागृहात एका शाळेचा सातवीचा वर्ग होता. दुसऱ्याच मिनिटाला एक होडी पहिल्या पडद्यावरून निघून पाचव्याकडे जाते. ती तिसऱ्या पडद्याशी आली आणि मागच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "बाई, नाव तुटली." बाईंनी तिला गप्प केले. खेळानंतर आम्ही चालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मशीन तापतं सर. रोज दुपारी अर्धा तास बंद करून एसी वाढवतो, मग नीट चालतं. आज गर्दी होती, बंद करता आलं नाही."

या उत्तरापाशी थांबलो असतो तर हे परीक्षण येथेच संपले असते. पण चालकांचे निदान आणि मुलीचे निरीक्षण यांपैकी आम्हांला मुलीचे निरीक्षण अधिक मोलाचे वाटले.

लक्षणे काय सांगतात?

ती काय म्हणाली ते नीट पाहू. दुसऱ्या पडद्यावरून तिसऱ्यावर जाताना होडीचा सुमारे दीड वीत भाग मधल्या मध्ये गडप होत होता. होडी आखूड दिसे. पुढे तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना नेमके उलटे घडे. तेवढाच भाग दोन्हीकडे एकदम दिसे आणि होडी लांब होई. चौथ्या-पाचव्याच्या सांध्यावर काहीच बिघडत नव्हते.

एवढ्यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, तिसरा पडदा इतरांच्या मागे चालला आहे. दुसरी, तो एकटाच मागे आहे. तीन, चार आणि पाच हे तिन्ही मिळून मागे पडले असते, तर बिघाड फक्त दुसऱ्या-तिसऱ्याच्या सांध्यावर दिसला असता. पिछाडी किती, हेही काढता येते. होडी तीन मीटरचा पडदा सहा सेकंदांत ओलांडते, म्हणजे तिचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. दीड वीत म्हणजे साधारण पस्तीस सेंटिमीटर. भागाकार केला की पिछाडी सुमारे ०.७ सेकंद येते. वेग, अंतर आणि वेळ यांचे हे गणित सातवीच्या मुलांना येते. सभागृहात बसल्या जागी ते करता आले असते.

आता यंत्रणा. प्रत्येक पडद्याला एक प्रोजेक्टर आणि एक स्वतंत्र प्लेअर आहे. प्रत्येक प्लेअरमध्ये आपापल्या पडद्याच्या चित्रफितीचे मेमरी कार्ड असते. मुख्य संगणक सकाळी दहा वाजता पाचही प्लेअरना 'सुरू' असा हुकूम देतो. त्यानंतर प्रत्येक प्लेअर आपली फीत संपली की आपली आपण पहिल्यापासून लावतो. संगणक दिवसभरात पुन्हा कोणाची चौकशी करीत नाही.

तीन संशयित

पिछाडीची कारणे तीन असू शकत होती. एक, चालक म्हणतात ती उष्णता. प्लेअर तापून मंद होतो. दोन, घड्याळ. प्रत्येक प्लेअर आपल्या आतल्या स्फटिकाच्या कंपनांवर वेळ मोजतो, आणि कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. सहा तासांत, म्हणजे २१,६०० सेकंदांत, ०.७ सेकंदांची तफावत म्हणजे दहा लाखांत सुमारे तेहेतीस भाग. स्वस्त स्फटिकांत एवढा फरक सहज आढळतो. तीन, आवर्तनाचा सांधा. फीत संपून पुन्हा सुरू होताना तिसऱ्या पडद्याला दर वेळी थोडा अधिक वेळ लागत असावा. सहा तासांत अठरा आवर्तने होतात. ०.७ ला अठराने भागले की सुमारे ०.०४ सेकंद येते, म्हणजे सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या चित्रपटात बरोबर एक फ्रेम.

येथे एक गंमत आहे. दुसरा आणि तिसरा संशयित दिवसअखेर सारखीच पिछाडी दाखवतील. नुसते चार वाजता मोजून त्यांच्यात निवड करता येणार नाही. पण पिछाडी वाढते कोठे, यात फरक आहे. घड्याळाचा दोष असेल तर ती खेळ चालू असताना हळूहळू वाढेल. सांध्याचा दोष असेल तर खेळभर ती स्थिर राहील आणि पुढच्या आवर्तनाला एकदम उडी मारेल. म्हणून एकाच खेळात सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा मोजणी हवी.

परवानगी घेऊन आम्ही एका बुधवारी पुन्हा गेलो. मोजायचे साधन म्हणजे एक मोबाइल. अनेक मोबाइलमध्ये सेकंदाला २४० फ्रेम टिपणारी संथगती चित्रणाची सोय असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या सांध्यावर कॅमेरा रोखला. होडीचे टोक एका पडद्याच्या कडेला नाहीसे झाल्यापासून दुसऱ्याच्या कडेला दिसेपर्यंत मोबाइलच्या किती फ्रेम जातात ते मोजले. खेळाच्या दुसऱ्या मिनिटाला होडी, आणि सतराव्या मिनिटाला पुलावरून जाणारी कोकण रेल्वेची गाडी.

दहाच्या खेळात आकडे आले ० आणि १. अकराच्या खेळात २९ आणि २८. बाराच्या खेळात ५८ आणि ५८. घड्याळाचा दोष असता तर दोन मोजण्यांमधल्या पंधरा मिनिटांत आकडा सुमारे सातने वाढायला हवा होता. तो जागचा हलला नाही. तासाभरात मात्र एकोणतीसने वाढला. तासात तीन आवर्तने होतात आणि चित्रपटाची एक फ्रेम म्हणजे मोबाइलच्या ९.६ फ्रेम. तिनाने गुणा, २८.८ येतात. घड्याळ सुटले.

राहिली उष्णता. ती इतक्या नियमित उड्या मारील असे वाटत नव्हते, पण चालकांचा अनुभव खोटा नव्हता. बंद करून थंड केले की यंत्रणा खरोखरच सुधारत होती. अडचण एवढीच की या उपायात दोन गोष्टी एकदम बदलत होत्या. यंत्रे थंड होत होती आणि ती नव्याने सुरूही होत होती. आम्ही त्या वेगळ्या केल्या. बारा-वीसला एसी वाढवला, पण काहीही बंद केले नाही. एकच्या खेळात आकडा आला ८६. म्हणजे थंड करूनही पिछाडी आपल्या ठरल्या गतीने वाढतच राहिली. मग एक-वीसला, एसी बंद ठेवून, पाचही प्लेअर नुसते पुन्हा सुरू केले. आकडा शून्य. उष्णताही सुटली.

हा प्रसंग शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा. उपाय लागू पडला म्हणून निदान खरे ठरत नाही. ताप आलेल्या मुलाची दृष्ट काढली, औषधही दिले आणि ताप उतरला, तर गुण कशाचा? हा प्रश्न आपण विज्ञानाच्या तासाला विचारतो. विज्ञानकेंद्राच्या नियंत्रणकक्षात मात्र तो बराच काळ कोणी विचारला नव्हता.

एक काना, एक फ्रेम

सांध्याचा दोष प्लेअरचा की फितीचा, हे ठरवायला आम्ही दोन आणि तीन या जागांचे प्लेअर आपसांत बदलले. कार्डे आणि पडदे मात्र होते तसेच ठेवले. तासाभराने पुन्हा तिसराच पडदा मागे, आणि आकडा पुन्हा २९. म्हणजे दोषी प्लेअर नसून कार्ड. संध्याकाळी खेळ संपल्यावर कार्डांवरील फितींची लांबी पाहिली. वीस मिनिटांच्या ३०,००० फ्रेम हव्यात. चार फितींत तेवढ्याच होत्या. तिसरीत ३०,००१.

ही जादा फ्रेम आली कोठून? तिसरी फीत इतरांपेक्षा बऱ्याच नंतरच्या तारखेची होती. चौकशी केली तेव्हा चालकांना आठवले, की तिसऱ्या पडद्यावर 'गाळ' या शब्दाऐवजी 'गळ' असे छापले गेले होते. एका शिक्षकांनी ते दाखवून दिले. केंद्राने तत्परतेने सुधारित फीत करून घेतली, आणि ती करताना शेवटी एक फ्रेम वाढली. एक काना दुरुस्त झाला आणि नाव तुटली! दोष कोणाच्या हलगर्जीपणाचा म्हणावा असाही नव्हता. पण फीत बदलल्याची नोंद कोठेही नव्हती. कोणतीही नोंदवहीच नव्हती. ती असती तर 'बिघाड केव्हापासून?' आणि 'त्याआधी काय बदलले?' या दोन प्रश्नांनी अर्ध्या तासात काम झाले असते.

जुने लोक काय करीत?

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यू यॉर्कमध्ये 'सिनेरामा'चा पहिला खेळ झाला. वक्राकार भव्य पडद्यावर तीन प्रोजेक्टर तीन भाग दाखवीत, आणि ध्वनी चौथ्या यंत्रावरून येई. फिती सेकंदाला २६ फ्रेम या गतीने चालत. तिन्ही यंत्रांच्या मोटारी विजेच्या जोडणीने अशा बांधलेल्या असत की एक जेवढी फिरेल तेवढ्याच इतरांनी फिरावे. तीनपैकी एखादी फीत तुटून तिच्या काही फ्रेम खराब झाल्या, तर त्या नुसत्या कापून उरलेली टोके जोडणे चालत नसे. जेवढ्या फ्रेम गेल्या तेवढ्याच काळ्या फ्रेम तेथे जोडाव्या लागत, म्हणजे पुढची चाल बिघडत नसे. फ्रेमची संख्या कमी होता कामा नये आणि वाढता कामा नये, हा धडा सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीच शिकून झाला होता.

सिनेरामाची आणखी एक गोष्ट आम्हांला आवडते. खेळ मध्येच बंद पडला तर लावण्यासाठी एक वेगळी फीत तयार ठेवलेली असे. तिच्यात लॉवेल टॉमस हे निवेदक पडद्यावर येऊन, दुरुस्ती होईपर्यंत प्रेक्षकांशी बोलत राहत. बिघाड होणारच हे गृहीत धरलेले होते आणि तो प्रेक्षकांपासून लपवायचा नव्हता.

पुढे चित्रफितींसाठी टाइमकोड आला. त्यात प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा क्रमांक मिळतो. त्यामुळे एक यंत्र दुसऱ्याला 'मी अमुक फ्रेमवर आहे, तू कोठे आहेस?' असे विचारू शकते. हे सगळे ज्ञान उपलब्ध असताना आमच्या परीक्षणातला कार्यक्रम सकाळी एकदा 'सुरू' म्हणून सोडून दिला जातो, हा त्याचा मुख्य दोष आहे असे आमचे मत आहे.

कवायतीचे उदाहरण घ्या. पाच रांगांना एकदा 'चालू पड' सांगून शिक्षक निघून गेले, तर मैदान संपेपर्यंत पावले जुळलेली राहतील का? म्हणून शिक्षक 'एक-दोन, एक-दोन' म्हणत राहतात आणि नजरही ठेवतात. कोणाचे पाऊल चुकले तर ते तेथल्या तेथे सुधारतात. यालाच अभियंते प्रत्याभरण म्हणतात. येथे तर प्रत्येक आवर्तनाच्या आरंभी पाचही प्लेअरना पहिल्या फ्रेमवर थांबवून पुन्हा एकत्र सुरू करणे एवढेही पुरले असते. जादा फ्रेमचा परिणाम मग साठत गेला नसता. शिवाय नुसता हुकूम देऊ नये, त्याची पोचही घ्यावी. साधे पत्र टाकणे आणि पोचपावतीचे पत्र पाठवणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

'एवढ्याशा फ्रेमने काय होते, मुलांना कळतही नाही', असे केंद्रातील एक अधिकारी आम्हांला म्हणाले. एका फ्रेममध्ये होडी दोन सेंटिमीटर सरकते, ते खरोखरच कळत नाही. पण अठरा आवर्तनांनंतर ते छत्तीस सेंटिमीटर होतात आणि सातवीतल्या मुलीला ते दिसतात. शिवाय तिला जे दिसले ते नीट दिसले होते. तिच्या वाक्यात बिघाडाचे पहिले अचूक लक्षण होते. तिला मिळालेले उत्तर होते, गप्प बस. चालकांना मिळालेले उत्तर होते, बंद करून चालू कर. ही दोन्ही उत्तरे एकाच जातीची आहेत, आणि विज्ञानकेंद्रात ती मिळावीत याचे आम्हांला वाईट वाटते. चालकांना दोष देण्यात अर्थ नाही. कार्यक्रम बनवणारी मंडळी चावी देऊन निघून गेली होती. यंत्रणेचा साधा आराखडाही कक्षात लावलेला नव्हता.

तिसऱ्या फितीची जादा फ्रेम आता काढली आहे आणि होडी अखंड जाते. आम्ही केंद्राला तीन सूचना केल्या. कक्षात नोंदवही ठेवावी. रोज पहिल्या खेळाआधी आणि शेवटच्या खेळानंतर पाचही पडद्यांच्या कोपऱ्यात फ्रेमचा क्रमांक दाखवून तो जुळतो का ते पाहावे. आणि नियंत्रणकक्षाच्या भिंतीला काच बसवून आतली यंत्रणा मुलांना दाखवावी. तिच्याशेजारी ते ३०,००१ फ्रेमचे कार्डही, सगळी हकीकत लिहून, मांडावे. पहिल्या दोन सूचना मान्य झाल्या. तिसरी 'केंद्राची शोभा होईल' म्हणून नाकारली गेली. आमच्या मते पाच पडद्यांपेक्षाही ते एक कार्ड मुलांना अधिक विज्ञान शिकवील.

तोवर शिक्षकांनी थांबायचे कारण नाही. वर्गात दोन मोबाइल शेजारी ठेवा, दोन्हींवर एकच लहान चित्रफीत पुन्हा पुन्हा चालू राहील अशी लावा, आणि तिसऱ्या मोबाइलने संथगतीत टिपा. पहिल्या, दहाव्या आणि विसाव्या आवर्तनात फरक किती पडला? तो आवर्तनाच्या आत वाढतो की सांध्यावर? मोबाइलची अदलाबदल केल्यावर काय होते? आकडे फळ्यावर मांडा आणि मोजण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. नववी-दहावीची मुले हे एका तासात करतात.

आणि पुढच्या सहलीत एखादी मुलगी "बाई, नाव तुटली" म्हणाली, तर तिला एवढेच विचारा, "कोठे तुटली? आणि किती?"